खिळे खाणारे काका

"काका, अजून थोडं आ करा. हं, असंच राहा."

काकांनी आ केला. नजर मात्र त्यांनी छताला न लावता खुर्चीच्या हातावर लावली. दातांच्या दवाखान्यातली ही खुर्ची त्यांनीच मढवली होती. राखाडी रेक्झिन, काठाला दुहेरी शिवण आणि कोपऱ्यांत औषधालासुद्धा सुरकुती नाही. आपणच मढवलेल्या खुर्चीत आडवं पडून दुसऱ्याकडून दुरुस्त व्हायचं, याची पहिल्या दिवशी त्यांना मोठी गंमत वाटली होती. आज जीव थाऱ्यावर नव्हता, त्यामुळे गंमत वाटत नव्हती.

समोरचा दात पडला होता त्या जागी डॉक्टरने हिवाळ्याच्या सुरुवातीला जबड्याच्या हाडात एक बारीक स्क्रू बसवला होता. हाड हळूहळू त्याला चिकटणार, घट्ट धरून ठेवणार आणि मग त्यावर दात बसवायचा, असा बेत होता. आज त्या दाताचा दिवस होता. डॉक्टरने हिरडीतलं छोटंसं झाकण काढलं, त्यावर जोड ठेवला आणि बोटभर पान्याने तो आवळायला घेतला.

जोड आवळला गेला नाही. त्याच्याबरोबर खालचा स्क्रूच फिरला.

दुखलं नाही. पण जन्मभर लाकडात खिळे ठोकलेल्या माणसाला ते कळायला दुखावं लागत नाही. जुन्या खुर्चीची चौकट आतून भुसभुशीत झालेली असली, की खिळा आत जातो खरा, पण धरत नाही. बोट लावलं की गोल फिरतो. तेच गोल फिरणं काकांना आज स्वतःच्या जबड्यात जाणवलं.

डॉक्टर थांबली. मास्कवर तिचे नुसते डोळे दिसत होते. ते काकांच्या पूर्ण ओळखीचे होते. याच गल्लीत ती लहानाची मोठी झाली होती. शाळा सुटली की दप्तरासकट काकांच्या कारखान्यात यायची आणि उघड्या स्प्रिंगांवर उड्या मारायची. एकदा तिच्या उडीने एक स्प्रिंग निखळली, तेव्हा तिचे डोळे असेच झाले होते.

काकांना 'काका' करून सोडलं तेही तिनेच. सोफे, खुर्च्या मढवायचं काम असं, की एका हातात ताणून धरलेलं कापड असतं, दुसऱ्यात हातोडी, आणि खिळे द्यायला तिसरा हात कुठून आणणार? तर तोंड. काका मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक खिळा फिरवून त्याची टोपी समोरच्या दातांमध्ये आणायचे, चुंबकाची हातोडी ओठांपाशी नेऊन ती टोपी उचलायचे आणि ठक. पुन्हा ओठ, पुन्हा ठक. ती पोर तोंडाचा आ करून बघत राहायची.

"काका, तुम्ही खिळे खाता?" तिने एकदा विचारलं होतं.

"हो. सकाळी न्याहारीला."

"पोटात टोचत नाहीत?"

"चावून खातो ना."

तेव्हापासून गल्लीभर ते 'खिळे खाणारे काका' झाले होते. आता बाजारात स्टेपलगन आली आहे, फटाफट काम होतं. काकांच्या मते त्याने काम उरकतं, बसत नाही.

डॉक्टरने चिमट्याने स्क्रू धरला. काढायला जोरसुद्धा लावावा लागला नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये तो टिणकन पडला.

"काका, खरं सांगा. खिळे धरलेत तोंडात?"

"नाही गं. एकही नाही. तू नको म्हणालीस त्या दिवसापासून वाटीतून बोटांनी उचलतोय. हवं तर काकूला विचार."

हे अगदी खरं होतं, आणि ज्या एका बाबतीत आपण खरे वागलो तिथेच शंका घेतली जावी, याचा त्यांना थोडा रागही आला.

"सिगारेट?"

"तुझ्या आजोबांबरोबर चोरून ओढली होती, तेवढीच."

ती हसली नाही. "साखर तपासली होती, ती ठीक होती. बीपीच्या गोळीशिवाय दुसरं काही औषध? एखादं इंजेक्शन? मागेही विचारलं होतं, पण पुन्हा विचारते."

दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. त्यातलं एक जण गल्लीतलंच होतं.

"नाही," काका म्हणाले.

खरं म्हणजे इंजेक्शन चालू होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या हॉस्पिटलात दर तीन महिन्यांनी ते पोटाच्या कातडीत टोचत. काकांच्या प्रोस्टेटमध्ये गाठ निघाली होती. तिथले डॉक्टर म्हणाले होते, "ही गाठ पुरुषाच्या हार्मोनवर वाढते. आपण तो हार्मोनच बंद करू, म्हणजे तिची उपासमार होईल." पुढेही ते बरंच बोलले होते. हाडं विरळ होतात, चालत राहा, अंगातून वाफा येतील, घाबरू नका. काकांचं डोकं मात्र पहिल्याच वाक्यात अडकलं होतं. पुरुषाचा हार्मोन बंद. हॉस्पिटलातून घरी येताना त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "याची वाच्यता कुठे करायची नाही." तिने मान डोलावली होती, आणि शब्द पाळला होता.

"मग माझंच चुकलं," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाली. "भोक पाडताना हाड तापलं असेल. नाहीतर दाब कमी पडला. काका, माफ करा. जखम भरू दे, मग बघू."

काका खुर्चीतून उतरले. उतरताना सवयीने त्यांनी काठाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. शिवण पक्की होती.

गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्याचं दुकान होतं. काकांचा कारखाना त्याला लागूनच, मध्ये पत्र्याची भिंत. सायकलवाला चाकातला बाक काढत बसला होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची खेचल्याशिवाय त्याचं चाक सरळ होत नसे.

"काय गादीशेट, हसून दाखवा की. बघू दे तरी नवा दात."

"बसला नाही."

"म्हणजे?"

"निघाला."

"हात्तिच्या. मी म्हटलंच होतं. पोरगी गुणाची आहे, पण हात कच्चा आहे तिचा. कालपर्यंत फ्रॉकमध्ये फिरत होती, आज लोकांचे जबडे खोदतेय."

इथे काकांनी बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. पण ते दोन शब्द बोलले की तिसरा बोलावा लागणार, आणि तिसऱ्याच्या पोटात सगळंच आलं.

"असेल," काका म्हणाले. "काय सांगता येतंय?" आणि आत गेले.

आत बायको मशीनवर गाद्यांचे अभ्रे शिवत होती. लग्न झाल्यापासून ठोकायचं काम त्यांचं आणि शिवायचं तिचं. तिने पाय न थांबवता वर बघितलं. काकांच्या तोंडातली फट तिला दिसली, आणि मग मात्र पाय थांबले.

"सांगितलंत?"

"ती खिळ्यांचं विचारत होती. मी म्हटलं, एकही नाही धरला."

"मी खिळ्यांचं नाही विचारलं."

एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची आरामखुर्ची अर्धी मढवून पडली होती, काका तिच्यापाशी जाऊन बसले. डाव्या हाताने कापड ताणलं. वाटीतले खिळे चुंबकाला वेडेवाकडे चिकटत, म्हणून उजव्या हाताने हातोडी खाली ठेवली, खिळा उचलला, टोचला, पुन्हा हातोडी उचलली. तोवर डाव्या हातातलं कापड सैल पडलं. सोडलं, पुन्हा ताणलं. हे गेले कित्येक महिने असंच चाललं होतं. पूर्वी कामाला ताल असायचा, आता नुसती झटापट.

तेवढ्यात ते आलं. छातीतून निघालं आणि मानेवरून कानांपर्यंत चढलं, जणू कुणी भट्टीचं दार उघडलं. कपाळावर घाम फुटला, सदरा पाठीला चिकटला. बाहेर हवा चांगली गार होती. काका खाली मान घालून, दात आवळून बसून राहिले. बायको उठली, तिने खिडकी उघडली आणि परत मशीनवर जाऊन बसली.

खिडकी उघडण्याचा तो आवाज काकांना आता सोसत नसे. पूर्वी तिची पाळी गेली तेव्हा याच वाफा तिला यायच्या. भर थंडीत उठून ती खिडकी उघडायची आणि काका पांघरूण ओढून करवादायचे, "अगं, माणसं राहतात इथे, मासळी नाही बर्फात ठेवायची." चारचौघांत तर त्यांचा ठरलेला विनोद होता, "आमच्या घरी हीटर लागत नाही. मी लग्न करूनच आणलाय." सगळे हसायचे. तीही हसायची. ती कशी हसायची, हे त्यांनी तेव्हा कधी नीट पाहिलं नव्हतं.

"एक बोलू?" बायको मशीनकडेच बघत म्हणाली.

"बोल."

"माझी दाढ बसवली तेव्हा तुम्ही शेजारी स्टुलावर होतात. त्या पोरीने मला काय काय विचारलं, आठवतं? पाळी कधी गेली. आपोआप गेली की ऑपरेशनने. वाफा येतात का. हार्मोनच्या गोळ्या घेतल्या का. मग म्हणाली, काकू, हे हार्मोन कमी झाले की हाड विरळ होतं, स्क्रू धरेल की नाही ते बघायला लागेल, आधी हाडांची तपासणी करून या. आठवतं?"

"हं."

"मी सगळं सांगितलं. तुमच्यादेखत. दवाखान्याचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. मला लाज नव्हती?"

काकांनी कापडाची सुरकुती अंगठ्याने सपाट केली.

"मग तुमची पाळी आली. ती म्हणाली, काका, काही औषधं? तुम्ही म्हणालात, बीपीची गोळी. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत होतात. मीही गप्प बसले. तुम्ही शब्द घेतला होता म्हणून. आता माझी दाढ घट्ट बसलीय आणि मला घास गोड लागत नाही."

"बास कर."

"केलं." तिने मशीन सुरू केलं.

त्यानंतर घरात बोलणं राहिलं ते कामापुरतं. कात्री दे, दोरा संपला, गिऱ्हाईक आलंय. रात्री काका भिंतीकडे तोंड करून झोपत. तसे ते इंजेक्शन सुरू झाल्यापासूनच झोपत होते. आता त्या पाठीला आणखी एक कारण मिळालं होतं.

गल्लीत मात्र बोलणं वाढत होतं. पत्र्याची भिंत असल्याने सायकलवाल्याकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. कुणी म्हणे, तिने काकांचं हाड जाळलं. कुणी म्हणे, घरचं माणूस समजून नव्या हाताचा सराव केला. "खुद्द काकाच म्हणाले की," सायकलवाला पंप मारता मारता सांगायचा, "मी विचारलं, तर म्हणाले, असेल." काकांचा 'असेल' गल्लीभर फिरून, चांगला धष्टपुष्ट होऊन त्यांच्या कानावर परत येत होता.

एके दिवशी दिवेलागणीच्या आधी डॉक्टर स्वतःच कारखान्यात आली. दवाखान्याची वेळ होती, तरी आली होती. काकूंनी खुर्ची पुढे केली, पण ती सवयीने एका उघड्या चौकटीवर, स्प्रिंगांवर टेकली. उडी मारायचं वय गेलं होतं. स्प्रिंगा नुसत्या कुरकुरल्या.

"दुखतंय का काका अजून?"

"नाही. भरत आलंय."

"मी एक सांगायला आले." ती बोटांनी स्प्रिंगचा वेढा दाबत होती. "माझे शिकवणारे सर आहेत. तुमचा पुढचा स्क्रू ते बसवतील, मी बोलून ठेवलंय. मी आता ही कामं काही दिवस थांबवतेय. एका बाईंची तारीख दिली होती, त्यांच्या घरून नको म्हणून निरोप आला. आणखीही एक जण होते. त्यांचंही बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?" काकूंचा आवाज मशीनकडून आला.

"काकू, मी काकांचे एक्स-रे पुन्हापुन्हा बघितले. माझं कुठे चुकलं ते मला सापडत नाही. सापडलं असतं तर बरं होतं. निदान पुढच्या वेळी काय करायचं नाही ते कळलं असतं. आता ड्रिल हातात घेते आणि तसंच परत ठेवून देते."

काका तिच्या हाताकडे बघत होते. स्प्रिंग दाबणारी तीच बोटं, फक्त मोठी झालेली. खिळे मोजायला शिकली होती ती याच जागेवर, वाटीतले खिळे दहा-दहाच्या ढिगांत लावून. चुकली की रडायची नाही. सगळे एकत्र करून पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

काकांनी हातोडी खाली ठेवली.

"इकडे ये," ते म्हणाले. "ही चौकट बघ."

ती उठून आली. काकांनी आरामखुर्चीचा मागचा पाय तिला दाखवला. वरून लाकूड तुकतुकीत होतं. त्यांनी वाटीतला एक खिळा घेतला, हलकेच ठोकला. खिळा लगेच आत गेला. मग त्यांनी तिचं बोट त्याच्या टोपीवर ठेवलं.

"फिरव."

खिळा फिरला.

"हातोडी बरोबर होती," काका म्हणाले. "मारणाराही बरोबर होता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मशीन थांबलं होतं. एकदा वेढा सुटल्यावर स्प्रिंग मध्ये थांबत नाही.

"मला प्रोस्टेटची गाठ आहे. इंजेक्शनं चालू आहेत, पुरुषाचा हार्मोन बंद करायची. तुझ्याकडे स्क्रू बसवायच्या आधीपासून. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. दोन्ही वेळा."

पलीकडे सायकलवाल्याचा पंप चालू होता.

"दोन्ही वेळा," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण मऊ नव्हता. "काका, मला झोप लागत नव्हती."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत नाही." ती परत स्प्रिंगांवर जाऊन बसली. मग म्हणाली, "काकूंना मी इतकं खोदून विचारलं. तपासणीला पाठवलं. तुम्हाला नुसतं 'काही औषधं' म्हणून पुढे गेले. पुरुषाला हार्मोनचं विचारायचं माझ्याही मनात आलं नाही."

"तुझं त्यात काही नाही."

"थोडं आहे." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. ती विचार करत होती, आणि तिचा चेहरा पुन्हा डॉक्टरचा झाला होता. "निव्वळ त्यानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. असं असूनही कित्येकांचं हाड धरतं. काकूंचं धरलंच की. पण माहीत असतं तर आधी तुमच्या हाडांची तपासणी केली असती, जास्त दिवस थांबलो असतो. कदाचित बसवलाच नसता. हाडं मजबूत करायचं काही औषध देतात का ते तुम्हाला?"

"अजून नाही. पुढे देऊ म्हणाले होते."

"ते सुरू व्हायच्या आधी मला कळायला हवं. त्या औषधावर असताना जबड्याला हात लावणं जिकिरीचं असतं. तुमच्या मोठ्या डॉक्टरांचा नंबर द्या, मी बोलते. तोवर स्क्रू नाही. काढता-घालता येतो तसा दात करून देते."

"त्यात खिळे धरता येतील?"

"नाही काका."

"कधीच?"

लहानपणी ती विचारायची आणि काका थापा मारायचे. तिला आज थाप मारता आली नाही. "बहुतेक नाही," ती म्हणाली.

काका तिला पोचवायला दारापर्यंत गेले. सायकलवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून भोक शोधत होता. दोघांना पाहून त्याने ट्यूब वर काढली.

"काय डॉक्टरीणबाई, आमच्या शेटचा जबडा पुन्हा खोदणार का?"

ती पुढे जायला निघाली. काकांनी तिच्या दंडाला धरून थांबवलं.

"तिचा हात पक्का आहे," ते म्हणाले. नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, कारण त्यांना भीती होती की हळू बोललो तर वाक्य अर्ध्यात राहील. "माझंच हाड भुसभुशीत झालंय. प्रोस्टेटला इंजेक्शनं चालू आहेत, त्याने पुरुषाचा हार्मोन बंद होतो. ते मी तिच्यापासून लपवलं. त्या दिवशी तुझ्याशी 'असेल' म्हणालो, ते खोटं होतं. ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना हेही सांग."

सायकलवाल्याने ट्यूबकडे बघितलं, काकांकडे बघितलं. ट्यूबमधून पाणी ठिबकत होतं.

"सांगतो," तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "बसा ना शेट."

"काम पडलंय," काका म्हणाले.

डॉक्टर कोपऱ्यापर्यंत गेली. वळताना तिने मागे पाहिलं, पण हात केला नाही. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तो एवढ्यात जाऊ नये असं काकांनाही वाटलं.

आत आल्यावर ते आरामखुर्चीसमोर बसले. भुसभुशीत पायाला आतून नवी पट्टी जोडल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. पण पाठीचा भाग शाबूत होता, तो तरी आज उरकावा. त्यांनी कापड ताणलं. तेवढ्यात पुन्हा छातीतून वाफ उठली. कान तापले, घाम मानेवरून खाली उतरला.

"अगं," ते म्हणाले, "खिडकी उघड जरा."

तोंडाने मागायची ही पहिलीच वेळ होती. तिने खिडकी उघडली. गार हवा आत आली, भिंतीला टेकवलेल्या कापडाच्या गुंडाळीचं टोक हललं.

"तेव्हा," काका कापडाकडे बघत म्हणाले, "फार त्रास व्हायचा का गं तुला?"

"व्हायचा."

एवढंच म्हणाली. मशीनवर परत न जाता ती एक पाट ओढून त्यांच्या शेजारी बसली. वाटी तिने मांडीत घेतली आणि डाव्या तळहातावर मूठभर खिळे ओतले. मग बोटाने एकेक खिळा फिरवून सगळ्यांच्या टोप्या काकांच्या बाजूला केल्या आणि तळहात हातोडीच्या उंचीला धरला.

काकांनी कापड पुन्हा ताणलं. हातोडी तिच्या तळहातापाशी नेली. एक टोपी चुंबकाला चिकटली.

ठक.

तिचा हात जागचा हलला नव्हता.